सात रात्रींची भूमध्य क्रूझ: रॉयल कॅरिबियन, एमएससी, नॉर्वेजियन की सेलिब्रिटी?

मचवा (प्रश्न)

पश्चिम भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ ठरवायची आहे. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बार्सिलोनाहून किंवा रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून. माणसं चार: आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाई सपाटीवर व्यवस्थित चालतात, पण पायऱ्या आणि तासभर रांगेत उभं राहणं त्यांना जमत नाही.

यादीत चार कंपन्या आहेत: रॉयल कॅरिबियन, एमएससी, नॉर्वेजियन आणि सेलिब्रिटी. एकाच आठवड्याचे दर पाहिले तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक दिसतो. तो नेमका कशाचा, ते उलगडत नाही. म्हणून विचारतो:

१. जाहिरातीतल्या दरात वरून काय काय चढतं?
२. सेवेत खरंच फरक असतो का, की सगळा ब्रँडचा महिमा?
३. जेवणात फुकट काय, विकत काय?
४. बंदरांवरच्या सहली जहाजाकडून घ्याव्यात की आपल्या आपण कराव्यात?

"सगळ्याच छान आहेत, मजा करा" छापाची उत्तरं कृपया नकोत.

---

हिशेबनीस

दरापासून सुरू करतो, कारण फसगत तिथेच होते. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, केबिनमध्ये दोघं धरून, आणि बहुधा बिनखिडकीच्या केबिनचा. त्यावर बंदरशुल्क आणि कर. अमेरिकेतल्या संकेतस्थळांवर जुलै २०२४ पासून हे शुल्क धरूनच दर दिसतात, कारण कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला आणि बहुतेक कंपन्यांनी तो देशभर पाळला. दुसऱ्या देशाच्या आवृत्तीत हेच शुल्क शेवटच्या पानावर उगवू शकतं. त्यामुळे दोन कंपन्यांचे दर वेगवेगळ्या देशांच्या साइटवर पाहून ताडायचे नाहीत.

आता समजुतीसाठी आकडे धरू. दोन प्रौढ, सात रात्री, स्वस्त वाटणारी क्रूझ:

भाडं ८०० डॉलर प्रत्येकी, म्हणजे १,६००. कर-शुल्क १५० प्रमाणे ३००. टिप्स रोज माणशी १८ प्रमाणे २५२. ड्रिंक पॅकेज (रोजचा ठरावीक दर भरून हवी तितकी पेयं) रोज ७५ अधिक १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे ८८.५०, दोघांचं आठवड्याचं १,२३९. एका फोनपुरतं वायफाय रोज २५ प्रमाणे १७५. तीन बंदरांवर माणशी ९० ची सहल, ५४०. एकूण ४,१०६.

शेजारी "सगळं धरून" २,३०० प्रत्येकी म्हणणारी कंपनी ठेवा: ४,६००. पहिल्या पानावर तिपटीचा वाटणारा फरक शेवटी ४९४ डॉलरवर येतो. पण पहिल्या हिशेबातून ड्रिंक पॅकेज काढलंत तर तोच फरक १,७३३ होतो. म्हणून "कोणती कंपनी स्वस्त" या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या घरात कोण काय पितं, फोनला किती चिकटलेलं असतं, बंदरावर काय करतं हे लिहा, प्रत्येक कंपनीची बेरीज करा आणि रात्रींनी भागा. प्रति रात्र जो आकडा येईल तोच खरा दर.

ड्रिंक पॅकेज कधी वसूल होतं? वरच्याच दराने, १४ डॉलरचं कॉकटेल सेवाशुल्कासह साडेसोळाला पडतं, म्हणजे रोज सहा कॉकटेल प्यायली तर. ८ डॉलरची बिअर असेल तर दहा. आणि पश्चिम भूमध्य फेरीत सातपैकी पाच-सहा दिवस माणूस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बंदरावर असतो. कॅरिबियनमध्ये समुद्रातले दिवस जास्त, तिथे गणित वेगळं. इथे सुटं विकत घेणं बहुतेकांना परवडतं.

तुमच्यासाठी महत्त्वाची एक मेख: रॉयल कॅरिबियनमध्ये मद्याचं पॅकेज एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. सासूबाई तुमच्याच केबिनमध्ये असतील तर त्यांचेही पैसे. नॉर्वेजियनमध्ये "फुकट" मिळणाऱ्या ड्रिंक पॅकेजवर २० टक्के सेवाशुल्क लागतं, तेही पॅकेजच्या छापील किमतीवर. फुकट या शब्दाला तिथे बराच खर्च येतो. सेलिब्रिटीत "ऑल इन्क्लुडेड" नावाच्या भाड्यात साधं ड्रिंक पॅकेज आणि साधं वायफाय येतं. टिप्स त्यात धरल्यात का ते बुकिंगच्या वेळी वाचा, कारण "ऑल"ची व्याख्या बदलत असते.

चौघांची केबिन: भाड्यात पहिली दोन माणसं पूर्ण दराने, तिसरं-चौथं कमी दराने. एमएससीची "मुलं फुकट" योजना मुलगी तिसरी किंवा चौथी प्रवासी असेल तरच लागू होते आणि तेव्हाही तिचं बंदरशुल्क भरावंच लागतं. दोन केबिन घेतल्यात आणि सासूबाई-नात एकत्र ठेवल्या तर मुलगी "दुसरी प्रवासी" होते आणि सवलत जाते. दोन्ही प्रकारे भाव काढून पाहा. कधी कधी शेजारच्या दोन आतल्या केबिन एका बाल्कनी केबिनपेक्षा फारशा महाग पडत नाहीत, आणि बाथरूम दोन मिळतात. चार जणांची केबिन हवी असेल तर लवकर धरा. जीवरक्षक बोटींची क्षमता विभागवार मोजलेली असते, त्यामुळे जहाज अर्धं रिकामं असतानाही चौघांच्या केबिन "संपल्या" असं दिसू शकतं.

आणखी एक. शेवटचा हप्ता साधारण ७५ ते १२० दिवस आधी भरायचा असतो. तोपर्यंत दर उतरला तर नव्या दराने बुकिंग बदलून मागता येतं. कंपनी आपणहून कधीच कळवत नाही. डिपॉझिट परत न मिळणाऱ्या भाड्यात मात्र या बदलाला शुल्क लागू शकतं.

---

डेक नऊ

हिशेबनीसांशी सहमत. सेवेबद्दल माझं मत एवढंच की कंपनी बघू नका, जहाज बघा. एकाच कंपनीची वीस वर्षं जुनी आणि काल उतरलेली जहाजं यांत जो फरक असतो तो दोन कंपन्यांतल्या फरकापेक्षा मोठा.

एक साधा मापदंड वापरा. जहाजाचं ग्रॉस टनेज भागिले प्रवासी. टनेज हे वजन नाही, आतल्या जागेचं माप आहे, म्हणून भागाकार म्हणजे माणशी मिळणारी मोकळीक. सेलिब्रिटी एज: १,३०,८१८ भागिले २,९०८, म्हणजे ४५. एमएससी मेराविलिया: १,७१,५९८ भागिले ४,४८८, म्हणजे ३८. नॉर्वेजियन एपिक: १,५५,८७३ भागिले ४,१००, तेही ३८. रीजेंटच्या सेव्हन सीज एक्सप्लोररसारख्या ऐषारामी जहाजावर हा आकडा ७४ च्या आसपास जातो, भाडंही तसंच.

पण फसू नका. प्रवासीसंख्या केबिनमागे दोन धरून छापतात. आयकॉन ऑफ द सीजचं टनेज २,४८,६६३ आणि प्रवासी ५,६१०, म्हणजे ४४, जवळजवळ एजइतकंच. मात्र तिसरे-चौथे बिछाने भरले की त्याच जहाजावर ७,६०० माणसं मावतात आणि आकडा ३३ वर घसरतो. शाळांच्या सुट्टीत कुटुंबांची जहाजं अशी भरतात. तुम्ही म्हणता त्या तारखांना युरोपातल्या बहुतेक शाळा सुरू असतात, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

नॉर्वेजियन एपिक पाहत असाल तर बाथरूमचं चित्र बघूनच ठरवा. बऱ्याच केबिनमध्ये शौचालय एका काचेच्या कप्प्यात, शॉवर दुसऱ्यात आणि वॉशबेसिन चक्क खोलीत. जोडप्याला एक वेळ चालेल; सासूबाई आणि नात असलेल्या खोलीत नाही.

रोजच्या सेवेत दिसणारे फरक: बहुतेक मोठ्या कंपन्यांत साध्या केबिनची सफाई आता दिवसातून एकदाच होते. पहिल्या दिवशी केबिन अटेंडंटला सकाळची की संध्याकाळची हवी ते सांगून टाका. एमएससीची एक खास गोष्ट म्हणजे भूमध्य फेरीत लोक वाटेतल्या प्रत्येक मोठ्या बंदरावर चढतात-उतरतात. बार्सिलोनाला काही, मार्सेयला काही, जेनोआला काही. सोय अशी की जवळचं विमानतळ निवडता येतं. गैरसोय अशी की रिसेप्शनवर रोजच पहिला दिवस असतो, आणि घोषणा पाच-सहा भाषांत चालतात. रॉयल आणि सेलिब्रिटी यांत बहुतेक प्रवासी एकाच दिवशी चढतात, तेव्हा तिसऱ्या दिवसापासून वेटर नावाने ओळखू लागतो. "सेवा चांगली" म्हणून लोक जे सांगतात त्यातलं निम्मं हेच असतं.

जास्त पैसे टाकायचेच असतील तर मोठ्या जहाजातलं छोटं जहाज बघा: एमएससीचं यॉट क्लब, नॉर्वेजियनचं द हेवन, सेलिब्रिटीचं द रिट्रीट. वेगळं रेस्टॉरंट, वेगळा डेक, चढता-उतरताना वेगळी रांग. यॉट क्लबमध्ये पेयं आणि वायफायही येतं, म्हणून तिघांत बेरजेला तेच बहुधा हलकं पडतं. रांगेत उभं न राहणं हा तुमचा मुख्य निकष असेल तर हा खर्च वायफळ नाही.

मुलीसाठी: चारही कंपन्यांत मुलांचे क्लब दिवसभर फुकट आहेत आणि नऊ वर्षांची मुलगी त्यांत बसते. रॉयलमध्ये रात्री दहानंतर तासावर पैसे. उपक्रम आणि पाण्याचे खेळ यांत रॉयल पुढे, सेलिब्रिटीत मुलंच कमी. शांतता हवी असेल तर तो गुण; नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रीण हवी असेल तर नाही.

---

रसोई_डेक_पाच

जेवणाबद्दल. चारही ठिकाणी भाड्यात मुख्य डायनिंग रूम, बुफे आणि एक-दोन छोटे काउंटर येतात. फरक पदार्थांपेक्षा वेळेचा जास्त आहे.

एमएससीत मुख्य जेवणाची वेळ आणि टेबल ठरलेलं असतं. भूमध्य फेरीत दुसरी पंगत नऊच्या पुढे बसते आणि मिष्टान्न यायला साडेदहा वाजतात. लहान मूल आणि वयस्कर माणूस असेल तर पहिली वेळच मागा. इथे एक खाच आहे: सगळ्यात स्वस्त "बेला" भाड्यात वेळ निवडायचा हक्क नाही, केबिनची जागाही तेच ठरवतात. तुमच्यासाठी एक पायरी वरचं "फँटॅस्टिका" घेणं शहाणपणाचं.

रॉयलमध्ये ठरलेली वेळ किंवा "माय टाइम" असे दोन पर्याय. माय टाइम घेतलंत तरी ॲपवरून रोजची वेळ आधीच राखून ठेवा, नाहीतर साडेसहा-सातला दारात अर्धा तास जातो. नॉर्वेजियनमध्ये ठरलेली वेळ हा प्रकारच नाही. स्वातंत्र्य भरपूर, पण वेटर रोज नवा, आणि पथ्याचं जेवण असेल तर रोज नव्याने सांगावं लागतं. सेलिब्रिटीच्या एज वर्गातल्या जहाजांवर एका मोठ्या डायनिंग रूमऐवजी चार मध्यम आकाराची रेस्टॉरंट भाड्यातच येतात. आवाज कमी, ताट गरम. जेवण हा एकमेव निकष असता तर या चौघांत माझा कौल तिथेच.

विकत काय? स्पेशॅलिटी रेस्टॉरंट, म्हणजे भाड्यात न येणारी खास रेस्टॉरंट, माणशी साधारण ४० ते ७० डॉलर आणि वर १८-२० टक्के. समुद्रातल्या दिवशी दुपारी तेच रेस्टॉरंट उघडं असेल तर बरंच स्वस्त पडतं. पहिल्या रात्री ती रिकामी असतात, म्हणून जहाजावर चढताच सवलत विचारावी. रूम सर्व्हिस रॉयल आणि नॉर्वेजियनमध्ये दर ऑर्डरमागे शुल्क घेऊन मिळते. रॉयलमध्ये साधा थंड नाश्ता मात्र विनाशुल्क. एमएससीच्या युरोपातल्या फेऱ्यांत डायनिंग रूमच्या टेबलावर आलेलं बाटलीचं पाणी बिलात लागतं. बुफेच्या नळाचं पाणी फुकट आहे. पाण्याचे पैसे या गोष्टीवर सगळ्यात जास्त चिडचिड होते, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

शाकाहारी, ग्लूटेनविरहित किंवा ॲलर्जीचं पथ्य असेल तर बुकिंगमध्ये किमान दीड-दोन महिने आधी नोंदवा. पण नोंद झाली म्हणजे ताट येईलच असं नाही. पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा आणि उद्याचा मेनू आजच मागा. आदल्या रात्री निवडलेला पदार्थ स्वयंपाकघर वेगळा रांधतं. त्याच रात्री मागितलात तर असलेल्यातून काहीतरी वगळून देतात. सगळी तक्रार या एका दिवसाच्या फरकातून येते.

चढायच्या दिवशी बारा ते दोन बुफेत पाय ठेवू नका. डायनिंग रूम किंवा छोटा कॅफे उघडा असतो, कुणाला माहीत नसतं.

---

गँगवे

चौथा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण भूमध्य फेरीत पैसे बंदरांवरच जातात. सरसकट नियम नाही, बंदरागणिक ठरवायचं.

आधी नकाशा बघा. "रोम" म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून सुमारे ८० किलोमीटर. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो, ९० किलोमीटर. मार्सेयचा धक्का जुन्या बंदरापासून आठेक किलोमीटर. नेपल्स मात्र शहराच्या पायथ्याशी. आणि कुठल्या फेरीत "व्हेनिस" लिहिलं असेल तर नीट वाचा: १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरची जहाजं शहरालगतच्या जुडेक्का कालव्यातून जाऊ शकत नाहीत. आता मार्गेरा, त्रिएस्ते नाहीतर रावेन्ना असतं, आणि रावेन्नाहून व्हेनिस बसने दोन तासांच्या घरात.

जहाजाकडून सहल घेण्याचं एकच खणखणीत कारण: त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी त्यांची. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज सुटतं, पुढचा खर्च तुमचा. दुसरं कारण, बंदर रद्द झालं तर जहाजाच्या सहलीचे पैसे पूर्ण परत. बाहेरच्या एजंटाच्या अटी वाचाव्या लागतात. ऑक्टोबरात लायनच्या आखातात (फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर) मिस्त्राल नावाचा जोराचा वारा सुटला की मार्सेय सहज वगळलं जातं, आणि तेव्हा जहाज फक्त बंदरशुल्क परत करतं.

आता बंदरं.

नेपल्स: स्वतः करा. पाँपेईसाठी गारिबाल्दी स्टेशनवरून चिर्कुमवेसुवियाना लोकल, पाँपेई स्कावी उतरायचं, ३५-४० मिनिटं. नोव्हेंबर २०२४ पासून पाँपेईत दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आणि तिकिटावर नाव, म्हणून तिकीट आधी काढा. पण सासूबाईंना नेऊ नका. रोमन रस्त्याचे दगड उंचसखल, सावली नाही. त्यांच्यासाठी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय बरं; पाँपेईतली मोझेइक आणि भित्तिचित्रं तिथेच आहेत.

चिवितावेक्किया: धक्क्यापासून बंदराची शटल लार्गो देला पाचेपर्यंत, तिथून स्टेशन पायी वीसेक मिनिटं किंवा शहर बस. रोमा सान पिएत्रोला उतरलात तर व्हॅटिकन चालत. गाडीला पाऊण ते एक तास. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका, दंड जागेवर वसूल करतात. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), फ्लॉरेन्सचं उफित्सी कलासंग्रहालय सोमवारी बंद. फेरी निवडतानाच कोणतं बंदर कोणत्या वारी येतं ते पाहा. कॉलोसियमचं तिकीटही नावानिशी, ओळखपत्राशी ताडतात.

लिव्होर्नो: मालवाहू बंदर, आत चालायला मनाई. शटलने गावात, गावातून बसने स्टेशन, मग फ्लॉरेन्सची दीड तासाची गाडी. चार टप्पे, दोन्ही बाजूंनी. हे जहाजाकडूनच घ्या.

रेल्वेचा संप हा इटलीतला नेहमीचा पाहुणा, शुक्रवारी जास्तच. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक गाड्या कायद्याने चालवाव्या लागतात. जहाज पाचला सुटत असेल तर संध्याकाळच्या त्या गाड्यांचा उपयोग शून्य. आदल्या दिवशी संपाची यादी पाहिल्याशिवाय स्वतः निघू नका.

परतीची वेळ: "ऑल अबोर्ड", म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची शेवटची वेळ, सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. त्याच्याही दीड तास आधी बंदराच्या गावात परत असावं. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदर एजंटचा (त्या बंदरातला कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी) फोन छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. उशीर झालाच तर जहाजाला नाही, त्याला फोन.

---

सुकाणू

गँगवे, लिव्होर्नोला "जहाजाकडूनच" हे चौघांसाठी पटत नाही. जहाजाची सहल माणशी विकली जाते, खाजगी गाडी वाहनामागे. फ्लॉरेन्स-पिसा दिवसभराच्या सहलीला जहाज माणशी १५० घेत असेल तर चौघांचे ६००, आणि चाळीस-पन्नास जणांच्या बसमध्ये. सगळे उतरायला दहा मिनिटं, स्वच्छतागृहाला वीस, एक माणूस हरवला की आणखी पंधरा. आठ आसनी व्हॅन त्याच भावात किंवा थोड्या वर मिळते, धक्क्यावर येते आणि सासूबाईंना गावाच्या मध्याजवळ उतरवते. मोठ्या बस फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात शिरू शकत नाहीत, बाहेर सोडतात आणि मग वीस मिनिटांची पायपीट. सासूबाईंच्या दृष्टीने हा फरक पैशापेक्षा मोठा.

अट एकच: चालकाला पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका, आणि "जहाज आलं नाही तर शुल्क नाही" हे लेखी घ्या. बंदरांवरचे जुने चालक ही अट बिनतक्रार लिहून देतात.

मधला मार्गही आहे. जहाजाच्या यादीत तळाशी "ट्रान्सफर" किंवा "ऑन युवर ओन" नावाची सहल असते: फक्त बसने शहरात नेणं-आणणं, गाइड नाही. मार्गदर्शित सहलीपेक्षा बरीच स्वस्त आणि जहाज थांबण्याची हमी तीच. ती वर दाखवत नाहीत, खाली सरकत जावं लागतं.

---

गँगवे

व्हॅनचा मुद्दा मान्य, चौघं असतील तर. दोघांना मात्र ते महागात जातं. आणि फ्लॉरेन्स-लिव्होर्नो महामार्गावर अपघात झाला की व्हॅनही बसइतकीच अडकते, फक्त व्हॅनसाठी जहाज थांबत नाही. त्या दिवशी निघायची वेळ चालकाच्या नव्हे, तुमच्या हातात ठेवा.

---

मचवा

एपिक यादीतून काढली. आता दोन प्रश्न उरले. एका फेरीत ग्रीस आहे, सान्तोरिनी आणि मिकोनोस, सासूबाईंना झेपेल? आणि केबिन कुठे घ्यावी?

---

गँगवे

सान्तोरिनीला धक्का नाही, जहाज नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटीने जावं लागतं. लाट असेल तर बोट आणि जहाजाचा फलाट एकमेकांपासून हातभर वर-खाली होत असतात. खलाशी हात धरतात, पण गुडघे आपलेच. जहाजाच्या सहलीवाल्यांना आथिनिओस बंदरावर उतरवून बसने वर नेतात. बाकीचे फिरा या मुख्य गावाच्या खालच्या जुन्या बंदरावर उतरतात, तिथून केबल कार, खेचर किंवा पाचशेहून जास्त पायऱ्या. दुपारी परतताना केबल कारची रांग तासाच्या वर जाऊ शकते. म्हणजे सासूबाईंसाठी सान्तोरिनी जहाजाच्या सहलीनेच, नाहीतर त्या दिवशी त्यांनी रिकाम्या जहाजावर आराम करावा. जुलै २०२५ पासून ग्रीस क्रूझ प्रवाशांकडून उतरण्याचं शुल्कही घेतं: सान्तोरिनी-मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो, ऑक्टोबरात १२. जहाजाच्या बिलात लागतं.

फेरीत तुर्कस्तानचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का ते तपासा. बाहेर पडून परत आत येणं म्हणजे दुसरा प्रवेश.

---

डेक नऊ

केबिन: जहाजाच्या मध्यभागी, खालच्या बाजूच्या डेकवर, लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून. तिथे हेलकावे कमी आणि सासूबाईंना चालणंही कमी. बुकिंगच्या आधी डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वरही केबिन, खालीही केबिन, हे उत्तम. वर पूल डेक असेल तर पहाटे साडेपाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वर बुफे असेल तर ट्रॉल्या. खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत बास. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर बंदरात शिरताना थ्रस्टर (जहाज बाजूला सरकवणारे पंखे) घरघरतात, आणि टेंडर बंदरावर नांगराची साखळी सुटते तेव्हा झोपलेलं कुणी राहत नाही.

"गॅरंटी" केबिन घेऊ नका. त्यात प्रकार ठरतो, जागा कंपनी नेमते, आणि सगळ्यांनी नाकारलेल्या याच केबिन त्यात येतात. दोन केबिन घेत असाल तर "शेजारी" आणि "आतून दार असलेली" हे वेगळे प्रकार आहेत. दार हवं असेल तर नकाशावर दोन केबिनांमधली छोटी खूण पाहून नंबरानेच बुक करा.

---

हिशेबनीस

जहाजावर चढताना खात्याला कार्ड जोडायला सांगतात. डेबिट कार्ड देऊ नका. रोजच्या खर्चाचा अंदाज धरून बँकेत रक्कम अडकवतात, आणि खरं बिल वेगळं कापल्यावरही ती अडकलेली रक्कम सुटायला आठवडा-दोन आठवडे जातात. क्रेडिट कार्ड द्या, आणि बिल तुमच्या चलनात बदलून देऊ का असं विचारलं तर नाही म्हणा. जहाजाच्या चलनातच कापू द्या. शेवटच्या रात्री रिसेप्शनला शंभरेक जणांची रांग असते, म्हणून बिल पाचव्या दिवशी ॲपमध्ये ओळ न् ओळ पाहून घ्या. दोनदा लागलेली पेयं आणि न घेतलेलं मिनीबार तिथेच सापडतं, आणि त्या दिवशी काउंटरवर कुणी नसतं.

विमा घेताना जहाजावरचा दवाखाना आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च दोन्ही धरलेत का ते वाचा. जहाजाचा डॉक्टर खाजगी दराने बिल लावतो, ते थेट केबिनच्या खात्यात येतं. भरपाई नंतर मागायची, कागद जहाजावरूनच सही-शिक्क्यानिशी घेऊन उतरा. सासूबाईंचे जुने आजार विम्याच्या अर्जात लिहा, लपवलेत तर नेमका तोच दावा नाकारला जातो.